सव्वा तोळ्याची वहिवाट

महसुली दफ्तराशी ज्याचा थोडाबहुत संबंध आलेला आहे, त्याला ‘वहिवाट’ या शब्दाचे वजन निराळे सांगावे लागत नाही. कोणा शेतकऱ्याचा बाप, आजा, पणजा ज्या बांधावरून बैलगाडी नेत आला, तो बांध सातबाऱ्यावर दुसऱ्याच कोणाच्या नावे असला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अखंड येण्याजाण्याने त्या वाटेवर एक हक्क उत्पन्न होतो. आणि उद्या कोणी ती वाट नांगरून मोडू लागला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने त्याविरुद्ध दाद मागता येते. अशा वेळी केवळ कागद पाहून भागत नाही. जागेवर जावे लागते, पंच बोलवावे लागतात, चाकोरीच्या खुणा तपासाव्या लागतात, आणि गावातल्या एखाद्या वृद्धाला विचारावे लागते की, बाबा, ही वाट किती काळची? पुढील पृष्ठांत ज्या लहानग्या पक्ष्याविषयी लिहिले आहे, त्याची कैफियत मांडावयास बसलो तेव्हा याहून समर्पक शब्द मला सुचला नाही. सोलापूरच्या माळावर त्या पक्ष्याची वहिवाट आहे. ती कोणत्याही फेरफाराच्या वहीत चढलेली नाही, आणि तिच्या वतीने दाद मागण्यास त्याला वाणी असली तरी भाषा नाही. ती भाषा यथाशक्ति पुरवावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

उत्तर सोलापूर तालुक्यात, शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज गाव आहे, आणि त्याच्या आसपास तो विस्तीर्ण, किंचित उंचसखल, पाहणाऱ्याच्या दृष्टीला क्षितिजापर्यंत कोठेही न अडवणारा माळ पसरलेला आहे. कित्येक वर्षांपूर्वी कार्तिकातील एका सकाळी, पिवळट पडू लागलेल्या कुसळीच्या गवतावर दंव अजून सुकले नव्हते अशा वेळी, एका वाळलेल्या काटकीच्या अगदी शेंड्यावर बसलेले एक मूठभर पाखरू माझ्या दृष्टीस पडले. ते क्षणोक्षणी शेपटी झटके, पंख किंचित उचलून मिटी, मध्येच सरळ खाली भूमीवर उतरून काहीतरी टिपी, आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन अशा स्थिरचित्ताने बसे की, जणू ती काटकी त्याला कोणी इनाम दिली असावी. जवळच मेंढरे चारीत असलेल्या एका वृद्ध धनगराला मी त्याचे नाव विचारले. तो म्हणाला, “नाव न्हाई ठावं, मास्तर. पर दिवाळीच्या आगंमागं येतंय, आन् शिमगा झाला की दिसत न्हाई. माजा बा बी हेच म्हनायचा.” त्या वेळी मी या उत्तराने काहीसा निराश झालो, कारण मला नाव हवे होते. आज मागे वळून पाहता वाटते की, नावाहून कितीतरी मोलाची वस्तू त्या वृद्धाने माझ्या पदरात टाकली होती. त्याने दोन पिढ्यांची साक्ष दिली होती.

मराठी पक्षिग्रंथांत या पक्ष्यास ‘गप्पीदास’ असे नाव आहे. ज्यांच्या लेखनाने पाखरांची मराठी नावे शहरी वाचकाच्या ओठांवर आली, ते वनाधिकारी व साहित्यिक मारुती चितमपल्ली हे याच सोलापूरचे. १९३२ साली त्यांचा जन्म येथे झाला, पुढे सारा सेवाकाळ रानावनांत घालवून, पक्षिकोशासारखे कार्य सिद्धीस नेऊन, उतारवयात ते येथेच परतले, आणि २०२५ च्या जून महिन्यात याच नगरीत त्यांनी देह ठेवला. विद्वानांच्या नामावळीत या पक्ष्याची पहिली नोंद १७७३ सालची आहे. ती रशियाच्या राजाश्रयाने सैबेरियात संचार करणाऱ्या पीटर सायमन पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने केली. यानंतर दीर्घकाळ युरोप, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांतील गप्पीदास ही एकच जाती मानली जात असे. परंतु अलीकडील आनुवंशिक अभ्यासाने त्यांचे वंश निरनिराळे असल्याचे दिसून आल्यावर आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यास ‘सैबेरियाचा गप्पीदास’ अशी स्वतंत्र ओळख लाभली. आपल्या शेताशिवारांत बारमाही नांदणारा, काळा-पांढरा ‘कवड्या गप्पीदास’ हा त्याचा भाऊबंद होय. दोघांची बसण्याउठण्याची ढब एकच, परंतु एक मिरासदार आहे आणि दुसरा दर साल येऊन-जाऊन राहणारा उपरी.

आकाराने तो चिमणीहूनही लहान. लांबी बारा-तेरा सेंटिमीटर, आणि वजन तेरा-चौदा ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या जुन्या मापाने जेमतेम सव्वा तोळा. नराचे डोके काळे, मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा शुभ्र पट्टा, छाती नारिंगी-तांबूस, आणि उडताना पंखावर व शेपटीच्या मुळाशी चमकून जाणारा पांढरा रंग. मादी मात्र माळाच्या मातीशी आणि वाळल्या गवताशी एकरूप व्हावी अशी तपकिरी. परंतु हे जे नराचे राजस रूप मी वर्णिले, ते आश्विन-कार्तिकात येथे येताना त्याच्या अंगावर दिसत नाही. उत्तरेकडून निघण्यापूर्वी त्याने जी नवी पिसे धारण केलेली असतात, त्यांच्या कडांना फिकट तपकिरी किनार असते, आणि त्या किनारीखाली काळे व तांबूस रंग झाकलेले असतात. हिवाळाभर गवताच्या पात्यांशी, काटक्यांशी, वाऱ्याशी आणि धुळीशी घासून ती किनार हळूहळू झिजते, आणि फाल्गुनात, जाण्याची वेळ समीप येते तेव्हा, आतला रंग उघडा पडतो. लोकांची वस्त्रे वापराने विटतात. या पाखराचे वस्त्र वापरानेच उजळते. नव्या संसारासाठी ज्या रूपात तो आपल्या मायदेशी उभा राहतो, ते रूप त्याच्या अंगावर सोलापूरच्या माळाने घासूनपुसून आणलेले असते. मला ही गोष्ट जेव्हा प्रथम कळली, तेव्हा या दरिद्री समजल्या जाणाऱ्या भूमीविषयी माझ्या मनात जो अभिमान दाटून आला, तो कोणत्याही किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहून आला नव्हता.

त्याचा मायदेश कोठे, असा प्रश्न केला तर उत्तर एका नावाने देता येत नाही. हिमालयाच्या उतारांवर, साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात आणि काही ठिकाणी त्याहूनही वर, जेथे दाट अरण्य संपून गवताळ उतार, खुरटी झुडपे आणि डोंगरी लोकांची पायऱ्यापायऱ्यांची शेते लागतात, तेथे त्याचा एक कुलसमूह वीण करतो; काश्मीरकडे अशा कुरणांस ‘मर्ग’ म्हणतात आणि गढवालात त्याहून उंचावरच्या कुरणांस ‘बुग्याल’ म्हणतात. त्याही पलीकडे, तिएनशान आणि अल्ताई या पर्वतांच्या परिसरात, कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत, मंगोलियात व सैबेरियात त्याचे इतर भाऊबंद असतात. तेथील उन्हाळा फार अल्प असतो. बर्फ वितळून गवत वर येते न येते तोच मादी एखाद्या झुडपाच्या वा गवताच्या झुबक्याच्या बुडाशी जमिनीवर वाटीसारखे घरटे रचते, चार ते सहा निळसर-हिरवट अंडी घालते आणि सुमारे दोन आठवडे एकटीच उबवते. नर तेवढा वेळ उंच शेंड्यावर पहारा देतो, गातो, आणि कोणी जवळ आला की दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्या तसा ‘चक्, चक्’ असा इशारा देत राहतो. युरोपातील गप्पीदास एका ऋतूत दोन-तीन विणी उरकतो. सैबेरियाच्या या आप्तास मात्र बहुधा एकाच विणीपुरती सवड असते, कारण पिल्ले उडती होऊन त्यांची पिसे पुरती होतात न होतात तोच थंडीचा वारा सुटतो.

भूगोलाची एक साधी नकाशावही उघडून पाहावी. सोलापूर शहर पूर्व रेखांश ७६ च्या किंचित अलीकडे वसलेले आहे. त्या रेषेवर बोट ठेवून ते सरळ उत्तरेस नेत गेले, तर माळवा, राजस्थानची पूर्व बाजू, पंजाब, काश्मीर आणि काराकोरम ओलांडून ते तिएनशानपाशी पोहोचते, आणि त्या पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, रेखांशाने जेमतेम एका अंशाच्या अंतरावर, कझाकस्तानचे अल्माटी हे नगर येते. सोलापूरपासून श्रीनगर पक्ष्याच्या सरळ वाटेने सुमारे अठराशे किलोमीटर, आणि अल्माटी सुमारे अठ्ठावीसशे किलोमीटर. पाखरे अर्थातच नकाशावरची रेघ धरून उडत नाहीत. वारा, पाणी, खिंडी आणि वाटेवरचे भक्ष्य पाहून त्यांचे मुक्काम ठरतात. तथापि, जगातील सर्वांत उंच पर्वतरांगा ज्यांच्या मध्ये आडव्या आहेत अशा दोन गवताळ प्रदेशांना हा सव्वा तोळ्याचा जीव दर वर्षी एकत्र बांधतो, हे सत्य नकाशावर बोट फिरवून पाहिल्याखेरीज मनात नीट उतरत नाही. त्यातही त्याचा प्रवास बहुतांशी रात्रीचा. पखुर्ड्या वा भोरड्या थव्याने जाताना आपण पाहतो, त्यांचा कलकलाट ऐकतो. गप्पीदास मात्र काळोखात निघतो, आणि एका सकाळी, काल जेथे काही नव्हते त्या शेंड्यावर, तो बसलेला असतो. आपल्या जिल्ह्याने पंढरीची कार्तिकी वारी शतकानुशतके पाहिली आहे. ज्या दिवसांत चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी जमतात, त्याच दिवसांत या माळावरही एक मूक वारी पोहोचलेली असते, आणि वारीचे जे लक्षण, की नेमाने यावे, नेमाने परतावे आणि खंड पडू देऊ नये, ते या पाखराच्या ठायी पुरेपूर आढळते.

हा नेम त्याला कोण शिकवते? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचा जो गंभीर विचार झाला, त्यात गप्पीदासाचे स्थान मोठे आहे, आणि मराठी वाचकास ते फारसे ज्ञात नाही म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. जर्मनीत आंडेक्स या गावी माक्स प्लांक संस्थेच्या प्रयोगशाळेत एबरहार्ड ग्विनर या शास्त्रज्ञाने (१९३८–२००४) आफ्रिकेतील गप्पीदास अशा खोल्यांत वाढवले की, जेथे दिवस आणि रात्र वर्षभर सारखीच राही. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, दिवसमान वाढत नाही, घटत नाही. अशा स्थितीत पाखरांना ऋतूंची वार्ता कळण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता. तरीही ती वर्षानुवर्षे आपापल्या क्रमाने पिसे टाकीत, विणीची सिद्धता करीत आणि पुन्हा शांत होत राहिली. फक्त त्यांचे वर्ष आपल्या पंचांगाच्या वर्षाशी तंतोतंत जुळेना. याचा अर्थ असा की, त्यांच्या देहातच एक वार्षिक घटिकायंत्र आहे, आणि बाहेरचा सूर्य ते चालवीत नाही, केवळ त्याची वेळ लावून देतो. पुढे बार्बरा हेल्म या विदुषीने ग्विनर यांच्यासमवेत काम करताना असे दाखवले की, कझाकस्तानातील आणि युरोपातील गप्पीदासांची पिल्ले एकाच छपराखाली, एकाच आहारावर वाढवली, तरी प्रत्येक कुलाचे वेळापत्रक निराळे राहते; दूरच्या, कडक थंडीच्या देशातील पिल्ले पिसे बदलण्याची घाई करतात, कारण त्यांच्या पूर्वजांना घाई करणे भाग होते. २००६ साली, ग्विनर यांच्या निधनानंतर, या दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या एका निबंधातील निष्कर्ष तर मनाला स्पर्श करणारा आहे. केनियातील जे गप्पीदास आयुष्यभर एकाच जागी राहतात, कोठेही स्थलांतर करीत नाहीत, तेही प्रवासाच्या ऋतूत रात्री पिंजऱ्यात अस्वस्थ होतात, फडफडतात, झोपत नाहीत. स्थिर झालेल्या घराण्यातही वाटेची आठवण इतकी खोल असावी, ही गोष्ट कोकणातून वा देशावरून पोटासाठी बाहेर पडलेल्या आणि चार पिढ्यांनंतरही सणाला गावाकडे तोंड करणाऱ्या आपल्या समाजास समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्याच्या हिवाळी घराकडे येऊ. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. मृगाचा पाऊस येथे हुलकावणी देतो, आणि जो काही भरवशाचा पाऊस पडतो तो बहुधा भाद्रपद-आश्विनातला परतीचा. म्हणूनच येथील खरी शेती रब्बीची. काळ्या जमिनीतील ती साठवलेली ओल पिऊन ज्वारी उभी राहते, मोहोळच्या संशोधन केंद्राने नावारूपास आणलेली मालदांडी दाणे भरते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीची कीर्ती तर इतकी की, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. या साऱ्या क्रमाशी गप्पीदासाचे येणे विलक्षण जुळलेले आहे. परतीच्या पावसाने माळावरचे गवत तरारते, त्याबरोबर नाकतोडे, भुंगेरे, अळ्या आणि मुंग्या यांची समृद्धी होते. ज्वारी पोटरीस येते, हरभरा घाट्यावर येतो, करडई काट्यांनी भरते. आणि नेमक्या त्या कोठाराच्या दारी हा पाहुणा उत्तरेकडून येऊन उभा राहतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठाराची कुलपे काढून भुकेल्यांना धान्य लुटू दिले, ही कथा या मुलखातील प्रत्येक बालकाने ऐकलेली आहे. माळाचे कोठार मात्र कुलपाविनाच आहे, आणि त्यात जे आहे ते माणसाच्या कोणत्याही हिशेबवहीत जमा होत नाही. हरभऱ्यातील घाटेअळीला आवर बसावा म्हणून शेतात जागोजाग काठ्या रोवून ‘पक्षीथांबे’ करावेत, असा सल्ला आजचे कृषितज्ज्ञ देतात. उंच शेंड्यावर बसून खालचा कीटक टिपणाऱ्या पाखरांचे महत्त्व त्यात मान्य झालेले आहे. बांधावरची वाळकी बोराटी, तरवडाचे झुडूप, करडईचे ताट आणि कुंपणाची काटकी हेच मुळात त्यांचे थांबे होते. आपण बांध साफ करीत गेलो म्हणून आता काठ्या रोवण्याची वेळ आली.

शेताहूनही त्याला माळ प्रिय, आणि माळ म्हणजे काय हे शहरातील वाचकाला प्रयत्नानेच समजून घ्यावे लागते. तेथे वृक्ष विरळ, आणि ते विरळ असणे हेच त्या भूमीचे स्वास्थ्य. उथळ मुरमाड मातीवर कुसळी, मारवेल, पवन्या अशी गवते आपापल्या जागी उभी राहतात, मधूनच हिवर, बोर वा बाभूळ एकांतात वाढते, आणि या मोकळेपणाच्या आश्रयाने काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, माळटिटवी, डोंबारी आणि नाना प्रकारचे चंडोल संसार करतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षीही येतात, आणि गवताच्या शेंड्यांना स्पर्शावे इतक्या खालून संथपणे घिरट्या घालतात. ते दिसताच आमचा गप्पीदास शेंडा सोडून झुडपात शिरतो, आणि संकट टळले की पुन्हा आपल्या जागी. हिवाळाभर तो बहुधा एकच ठरावीक तुकडा धरून असतो व दुसऱ्या गप्पीदासास तेथे फिरकू देत नाही. अर्थात वहिवाटीबरोबर ताबाही आला, आणि कब्जेदाराची सर्व लक्षणे आली. केवळ कब्जेदाराच्या स्तंभात नाव तेवढे आले नाही.

येथे या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा येतो. दफ्तराच्या भाषेत जमिनीस तिच्या पिकावरून आणि सारा देण्याच्या शक्तीवरून नाव मिळाले. जिरायत, बागायत, पोटखराबा, गायरान, पड ही नावे ज्यांनी घातली त्यांचा हेतू वसुलीचा होता, आणि त्या हेतूपुरती ती यथार्थही होती. परंतु शब्दांचा असा धर्म आहे की, ते जेथे एकदा बसतात तेथून विचार चालवू लागतात. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती ‘पडीक’, आणि जी पडीक ती निरुपयोगी, आणि जी निरुपयोगी तिचे काहीतरी केलेच पाहिजे, अशी तर्काची साखळी तयार होते. स्वतंत्र भारताच्या शासनाने देशभरातील पडीक जमिनींची जी नकाशावली प्रसिद्ध केली, तीतही झुडपी माळ आणि खालावलेली कुरणे पडीक म्हणून गणली गेली आहेत. मग सद्भावनेने तेथे वृक्षारोपण होते. नान्नजच्या परिसरातही गिरिपुष्पासारखी झाडे ओळीने लावली गेली. झाड लावणे हे पुण्य होय असे आपल्यावर बालपणापासून बिंबवलेले असल्यामुळे, गवताच्या जागी लावलेले झाड गवतावर जगणाऱ्या जिवांचे छप्पर काढून घेते, हे कोणी सहसा बोलत नाही. अरण्य तोडले तर हळहळणारा समाज माळ बुजवला तर आनंद मानतो, याचे कारण माणसाची दुष्टता नव्हे. एका शब्दाने त्याची दृष्टी बांधलेली आहे.

या मुलखाने एक धडा यापूर्वीच घेतलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या दशकात, अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमाखाली नान्नजकडील काही माळ चराईपासून राखण्यात आले, तेथे गवत वाढले, आणि माळढोक हा आपला उमदा, मनुष्याच्या कमरेएवढा उंच पक्षी त्या गवतात स्थिरावलेला आढळला. बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या सोलापूरच्या निसर्गाभ्यासकांनी ती वार्ता जगापुढे आणली, मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या संशोधकांनी येथे मुक्काम करून अभ्यास केला, आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याची हद्द कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर आखली गेली. तीत गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा सारेच आले, आणि सामान्य शेतकऱ्यास खरेदीविक्रीपासून विहिरीपर्यंत प्रत्येक गोष्टीत त्या हद्दीचा जाच होऊ लागला. पुढे ती आकसून सुमारे बाराशे चौरस किलोमीटर करण्यात आली. एवढ्या अवधीत माळढोक मात्र विरळ होत गेला, आणि आज एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. हद्द विस्तीर्ण होती; त्या हद्दीच्या आत खराखुरा अखंड माळ किती राहिला, हा प्रश्न आपण वेळेवर विचारला नाही. मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत जे घडले ते पाहून लहानग्याची चिंता आत्ताच करावी, असे मला वाटते. कारण माळढोक नाहीसा झाला तर निदान वार्ता तरी होते, गप्पीदास एका वर्षी त्या शेंड्यावर आला नाही तर ते कोणाच्याही ध्यानात येणार नाही. जगभरात या जातीची संख्या आज भरपूर आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु भरपूर असलेल्या वस्तूविषयीच कृतज्ञता बाळगण्यास वेळ असतो.

ज्या माळावर मी तो प्रथम पाहिला, त्याच्या शेजारच्या एका गायरानावर काही वर्षांनी गेलो, तेव्हा तेथे ओळीने खड्डे खणलेले होते व त्यांत रोपे लावलेली होती. काम नेटके होते. कोणाच्या तरी प्रामाणिक श्रमाचे होते. त्या खड्ड्यांच्या काठावर, उपसलेल्या मुरमाच्या ढिगावर एक गप्पीदास बसला होता, कारण पूर्वीची काटकी तेथे उरली नव्हती. त्याने शेपटी झटकली, खाली उतरून एक कीटक उचलला, आणि पुन्हा ढिगावर येऊन बसला. त्या वर्षापुरती त्याने ती मोडलेली वाटही वापरली. पुढे रोपे वाढून सावली झाली, गवत खुरटले, आणि तेथे मला तो पुन्हा दिसला नाही. कोणावर रोष धरावा असे त्यात काही नव्हते, आणि म्हणूनच त्या दिवसाची वेदना अधिक टिकून राहिली. रोष धरता आला असता तर मन थोडे तरी मोकळे झाले असते. हे पुस्तक लिहावे, हा संकल्प त्या मुरमाच्या ढिगापाशी झाला.

पुढील प्रकरणांत या पक्ष्याचे रूप, आहार, स्वर, वीण, प्रवास आणि हिवाळी वास्तव्य यांचे क्रमाने विवेचन केले आहे. शास्त्रीय माहिती सुबोध करण्याचा प्रयत्न केला असला, तरी तिचे गांभीर्य कमी होऊ दिलेले नाही. कारण माझा असा विश्वास आहे की, मराठी वाचकास साखरेच्या पुडीत गुंडाळलेले ज्ञान नको असते, ते त्याला त्याच्याच भाषेत, आदराने दिलेले हवे असते. पक्षिनिरीक्षणासाठी दुर्मीळ जातींच्या मागे दूरदेशी धावण्याचा छंद पुष्कळांस असतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु एकाच माळाचा एकच तुकडा निवडावा, तेथील एकाच शेंड्यावरचा एकच पक्षी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आठवड्यातून एकदा जाऊन पाहावा, तो कोणत्या तिथीस आला आणि कोणत्या तिथीपासून दिसेनासा झाला हे वहीत टिपून ठेवावे, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेथेच जावे, अशी माझी वाचकास आग्रहाची विनंती आहे. यासाठी दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. शाळेतील मुलांनी, शेतावर राखणीस जाणाऱ्यांनी, हुरड्याच्या दिवसांत गावी आलेल्या शहरवासीयांनी हे केले, तर दहा वर्षांत या जिल्ह्यापाशी अशी एक नोंदवही तयार होईल की, तिच्यापुढे पुष्कळ छापील अहवाल फिके पडतील.

अशा नोंदवहीचे मोल केवळ शास्त्राला आहे असे नव्हे. वहिवाटीचा दावा चालतो तेव्हा मालकीचा कागद एका बाजूस असतो आणि साक्ष दुसऱ्या बाजूस असते. आणि साक्ष देणारे कोणी उभे राहिलेच नाही, तर शेकडो वर्षांची चाकोरी एका नांगरटीत पुसली जाते. या पाखराच्या बाजूने आजवर जी साक्ष झाली, ती त्या वृद्ध धनगराची आणि त्याने ज्याचा हवाला दिला त्या त्याच्या बापाची. दोघांनाही पक्ष्याचे नाव ठाऊक नव्हते. पण ही वाट किती काळची, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी होते. आपल्यापाशी आता नाव आहे, वजन आहे, रेखांश आहे, आणि त्याच्या देहातील घटिकायंत्राची विद्याही आहे. उणीव आहे ती जागेवर जाऊन उभे राहणाऱ्या पंचांची. वाचकांनी ते पंचपण स्वीकारावे, एवढे मागून ही प्रस्तावना पुरी करतो. बाहेर गड्ड्याच्या यात्रेची गर्दी लोटली आहे, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक नगरातून निघण्याच्या तयारीत आहे; आणि नान्नजच्या वाटेवर, माझ्या वहीतील टिपणाप्रमाणे, तो अजून दोन महिने आपल्या शेंड्यावर असणार आहे.

सोलापूर,
मकरसंक्रांत